फांदी, फट आणि काचपेटी

पावसाळा तोंडावर आला की सर्पदंश टाळण्यासाठी गावोगाव ज्या सूचना दिल्या जातात, त्यांत एक हमखास असते: घराच्या भिंतीला लागून सरपण, गोवऱ्या किंवा विटांचा ढीग ठेवू नका. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात, हट्टा आणि आसपासच्या गावांत या सूचनेमागचे कारण कुणाला समजावून सांगावे लागत नाही. इकडची काळी, भारी जमीन उन्हाळ्यात उलते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि उंदरांपासून सापांपर्यंत अनेकांना त्या भेगांचा आसरा मिळतो. जूनमध्ये पाऊस लागला की माती फुगते, भेगा मिटतात आणि या जिवांना दुसरी जागा बघावी लागते. मग बांधावरचे दगड, पऱ्हाट्यांची गंजी, परसातले सरपण त्यांच्या उपयोगी पडते. मण्यार तिथे सापडते, घोणस सापडते, कवड्या आणि तस्कर सापडतात. सापसुरळी तर रोजचीच. सरपणाच्या ढिगातल्या लाकडाचे रूप यांतल्या कुणालाही नको असते. दोन ओंडक्यांमधली अंधारी, अरुंद, वरून-खालून अंगाला टेकणारी फट मात्र हवी असते.

ही साधी गोष्ट काचपेटीत सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही. पेटी दिवाणखान्यात ठेवायची असते, म्हणून तिची मांडणी पाहुण्याच्या डोळ्याला धरून होते. मधोमध एक वळणदार, पांढुरके, महागडे ड्रिफ्टवूड, मागे प्लॅस्टिकची वेल, खाली एकसारखी वाळू. छायाचित्र छान येते. प्राणी मात्र कोपऱ्यात पाण्याच्या वाटीमागे अंग चोरून बसलेला असतो, कारण पेटीत त्याच्या मापाची एकच फट आहे आणि ती वाटीमागे आहे. छोट्या पेटीतले लाकूड दिसते कसे याला माझ्या मते दुय्यम स्थान द्यावे. त्याने किती फटी तयार होतात, किती पकड मिळते आणि किती सावली पडते, यावर त्याचे मोल ठरवावे. तसे ठरवले तर परदेशातून आलेल्या नक्षीदार लाकडापेक्षा बांधावरच्या बाभळीची एक बेचक्याची फांदी बहुतेक वेळा सरस ठरते. बहुतेक वेळा म्हणतो, नेहमी नाही. अपवाद पुढे येतील.

त्याआधी कायद्याचे बघायला हवे, कारण हट्ट्याच्या शिवारात लाकूड जसे आयते मिळते, तसे सरपटणारे प्राणीही आयते मिळतात आणि नेमकी तिथेच चूक होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार नाग, धामण, घोणस, घोरपड, तारा कासव यांना घरात ठेवता येत नाही. पकडले तेव्हा जखमी होते, पोरांना दाखवायला आणले, आठवडाभराने सोडणार होतो, यातली कोणतीही सबब पुरत नाही. सर्पमित्राने पकडलेला सापही मुक्कामाला ठेवण्यासाठी नसतो. राहिले परदेशी प्राणी. या अधिनियमात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि पाठोपाठ २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्रजातींच्या यादीतला प्राणी, उदाहरणार्थ आफ्रिकेतला बॉल पायथन किंवा अमेरिका खंडातला हिरवा इग्वाना, ज्याच्याकडे आहे त्याला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावरून त्याची नोंद करावी लागते. म्हणजे पुढचे सारे विवेचन नोंदणी केलेल्या परदेशी प्राण्याच्या पेटीला, प्राणिसंग्रहालयातल्या किंवा अधिकृत उपचार केंद्रातल्या पिंजऱ्याला लागू पडते. पुण्यात कात्रजच्या सर्पोद्यानासारख्या ठिकाणी पिंजऱ्यासमोर उभे राहून लाकूड कुठे टेकवले आहे आणि साप त्याच्या कोणत्या बाजूला आहे एवढे पाहिले, तरी या लेखातला निम्मा भाग डोळ्यांसमोर येईल.

फटीचे महत्त्व लाकडापेक्षा मोठे आहे याचा पुरावा, गंमत म्हणजे, जिथे लाकडाचा वापरच होत नाही अशा दोन ठिकाणी मिळतो. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीसाठी पकडलेले नाग मडक्यांत ठेवण्याची रीत होती. कायद्याने ती प्रथा अडवली आणि ते योग्यच झाले. पण नाग ठेवायला लोकांनी मडके निवडले, ही निरीक्षणातून आलेली निवड होती. चेन्नईजवळ वडनेम्मेली इथे १९७८ मध्ये स्थापन झालेल्या इरुळा सर्पपकड सहकारी संस्थेतही विष काढण्यासाठी आणलेले साप तोंडाला कापड बांधलेल्या मातीच्या मडक्यांत ठेवतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा रानात सोडतात. अंधार, गारवा, चहूबाजूंनी अंगाला लागणारी भिंत एवढ्यावर विषारी सापसुद्धा शांत राहतो. मग कुणी विचारेल, की मडक्यानेच भागत असेल तर लाकूड हवे कशाला? आक्षेप रास्त आहे. काही आठवड्यांसाठी मडके पुरते. दहा-पंधरा वर्षे एकाच पेटीत जगणाऱ्या प्राण्याला लपण्याखेरीज चढणे, उतरणे, अंग घासणे, उबेतून गारव्यात सरकणे हेही करावे लागते, आणि मडक्यात त्यातले काहीच होत नाही. फुटक्या माठाचे एखादे मोठे खापर पेटीत उपडे घालून ठेवायला मात्र काहीच हरकत नाही. विकतच्या प्लॅस्टिकच्या गुहेपेक्षा ते केव्हाही चांगले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो अनुभवी लोकांकडून येतो. परदेशातले मोठे पैदासकार हजारो साप कपाटातल्या खणांसारख्या प्लॅस्टिकच्या चपट्या डब्यांत ठेवतात. आत कागद, पाण्याची वाटी, बस. साप खातात, वाढतात, पिल्ले देतात. मग लाकडाचा अट्टहास का? यावर उत्तर असे, की खाणे आणि पिल्ले देणे ही जिवंत असल्याची खूण झाली. बरे चालल्याची खूण तेवढ्याने होत नाही. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातले गॉर्डन बर्गहार्ट आणि त्यांची सहकारी लेआन आल्मली यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिकडच्या रॅट स्नेक जातीचे साप दोन प्रकारच्या पेट्यांत वाढवले होते, काही ओक्याबोक्या आणि काही चढण्या-लपण्याच्या साधनांनी भरलेल्या. भरलेल्या पेट्यांतले साप अनोळखी उघड्या जागेला लवकर सरावले आणि वाट काढण्याच्या चाचणीत कमी वेळात यशस्वी होऊ लागले. अर्थात या प्रयोगात नुसते लाकूड तपासलेले नव्हते. त्यामुळे ‘विज्ञानाने लाकडाची शिफारस केली आहे’ असे म्हणणे म्हणजे पुराव्याला ताणणे होईल. उलट, लेपर्ड गेको या पालीवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेटीत पाच प्रकारचे बदल करून पाहिले, तेव्हा पालींनी सर्वांत जास्त दाद दिली ती उबेच्या आणि अन्नाच्या बदलांना. नुसत्या नव्या वस्तूंत त्यांना फारसा रस वाटला नाही. माझ्या म्हणण्याला हा अभ्यास बाधा आणत नाही, उलट ते नेमके करतो. पेटीत एक ओंडका आणून ठेवला एवढ्याने काही घडत नाही. तो ओंडका उबेच्या आणि सावलीच्या वाटेत आला, तर घडते.

आता थोडा हिशोब. छोटी पेटी म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच धरू. तिचा तळ २,७०० चौरस सेंटिमीटरचा झाला. दुकानातला भरदार ओंडका या तळावर आडवा ठेवला तर चौथा हिस्सा जागा तोच गिळतो, आणि त्याच्या खाली काचेशी घट्ट बसलेली बाजू कुणाच्याच उपयोगाची राहत नाही. त्याऐवजी चार सेंटिमीटर जाडीची, ६० सेंटिमीटर लांबीची एक फांदी तिरपी टेकवली, तर तिच्या सालीचा पृष्ठभाग साडेसातशे चौरस सेंटिमीटरच्या घरात जातो आणि तळाची जागा अडते ती फक्त तिच्या टोकापुरती. अशा तीन फांद्या एकमेकींवर रेलून बसवल्या की प्राण्याला वापरता येणारा पृष्ठभाग जवळपास तळाएवढा आणखी वाढतो, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे तीन-चार फटी फुकट तयार होतात. छोट्या पेटीत जागा उंचीत दडलेली असते. ओंडका तिला तळात शोधतो आणि फांदी उंचीत शोधते. जमिनीवरच राहणाऱ्या प्राण्यांना, उदाहरणार्थ लेपर्ड गेकोला, उंचीचा तेवढा उपयोग नाही हे खरे. त्यांच्यासाठी फांदी उभी करण्याऐवजी मधून चिरून, आतून कोरून तिच्या दोन पन्हाळी पालथ्या घालाव्यात. पण बॉल पायथन, ज्याला अनेक वर्षे निव्वळ बिळातला प्राणी समजले गेले, तोसुद्धा संधी मिळाली की चढतो.

फांदीची जाडी प्राण्याच्या अंगाच्या जाडीएवढी किंवा थोडी अधिक असावी. फार बारीक फांदीवर साप तोल सांभाळण्यातच दमतो, आणि फार जाड फांदीला त्याचा विळखा बसत नाही. साल शक्यतो काढू नये. कात टाकताना साप सर्वांत आधी ओठाकडची त्वचा एखाद्या खरखरीत जागेवर घासून सोडवतो आणि मग त्या खरखरीला अडकवून अंगावरची कात उलटी करत पुढे सरकतो. गुळगुळीत ड्रिफ्टवूड, ज्याची झिलई बघून आपण पैसे मोजतो, या कामाला निरुपयोगी आहे. बाभळीची उभ्या चिरा पडलेली साल याच कामासाठी घडवली असावी असे वाटते. काटे मात्र एकेक करून मुळापासून छाटावे लागतात, आणि छाटलेल्या जागी हात फिरवून खात्री करावी लागते.

उष्णतेच्या बाबतीत मराठवाड्यातल्या वाचकाने परदेशी पुस्तके जरा सावधपणे वाचावीत. ती थंड देशांतल्या लोकांनी लिहिली आहेत. त्यांची खोली २० अंशांवर असते आणि पेटीची एक बाजू दिव्याने तापवून ३० ते ३२ अंशांवर न्यायची हा त्यांचा प्रश्न असतो. हिंगोली-परभणीकडे मे महिन्यात बाहेरचा पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात दुपारी खोलीच ३८-३९ अंशांवर पोचते. इथे वर्षातले चार महिने प्रश्न उलटा असतो: प्राण्याला गार कसे ठेवायचे. अशा वेळी लाकडाचा खरा गुण कामाला येतो. दगडातून उष्णता जितक्या सहज वाहते त्याच्या साधारण दहाव्या हिश्शानेच ती कोरड्या लाकडातून वाहते. म्हणून लाकडी पन्हाळीखाली, तळाशी ओलसर शेवाळ किंवा नारळाचा काथ्या घातला, तर तिथे वरच्यापेक्षा गार, दमट हवा टिकते आणि कात टाकण्याच्या दिवसांत त्या ओलाव्याचा दुहेरी फायदा होतो. याच गुणाची दुसरी बाजू अशी, की लाकूड ऊब साठवत नाही. डिसेंबर-जानेवारीत परभणी परिसरात रात्रीचा पारा कधीकधी ५ अंशांच्या खाली घसरतो. तेव्हा दिव्याखाली लाकूड ठेवून भागत नाही. तिथे शहाबादी फरशीचा तुकडा हवा. तो दिवसभर तापतो आणि पोटाकडून ऊब घेणाऱ्या निशाचर पालींना दिवा मालवल्यावरही काही काळ ती देत राहतो. फरशी उबेसाठी आणि लाकूड सावलीसाठी, अशी वाटणी केली की पेटीतला निम्मा गोंधळ मिटतो. तापणारा दिवा लाकडाला कधीही टेकू देऊ नये, मध्ये जाळी असावी. बाभळीचे सरपण उत्तम पेटते हे हळद शिजवणाऱ्या वसमत तालुक्याला वेगळे सांगायला नको.

कोणते लाकूड घ्यावे यावर मोठ्या याद्या फिरत असतात आणि त्यांत ओक, मॅपल, बर्च अशी झाडे असतात, जी आपल्या बांधावर उगवत नाहीत. आपल्याकडे बाभूळ, बोर, आंबा, चिंच, जांभूळ ही कठीण किंवा मध्यम कठीण लाकडे वाळवून वापरायला चांगली. कशापासून दूर राहायचे ते मात्र नीट समजून घ्यायला हवे. कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांच्या सर्वांगात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. रुईचा चीक तसाच. शेर आणि निवडुंगाच्या जातींचा चीक डोळ्यांत गेला तर माणसालाही भोवतो. बिब्ब्याने अंगावर काय उठते हे ग्रामीण वाचक जाणतोच. आंबा त्याच कुळातला आहे, म्हणून आंब्याची ओली, चीक असलेली फांदी घेऊ नये, पूर्ण वाळलेली घ्यावी. सागाचे लाकूड टिकाऊ, पण ते टिकते ते वाळवीला नकोशा वाटणाऱ्या द्रव्यांमुळे, आणि त्याच्या भुशाने काही सुतारांच्या कातडीला खाज सुटते. बंद पेटीत त्याची गरज नाही. कडुनिंबाबद्दल मते टोकाची आहेत. निंबाच्या लाकडाने पाल मरते असे मानायला मला आधार दिसत नाही. त्यातले कीटकांना रोखणारे द्रव्य मुख्यतः निंबोळीत असते. तरीही मी निंब टाळायला सांगेन, पण वेगळ्या कारणाने. पेटीत खाद्य म्हणून सोडलेले नाकतोडे आणि झुरळे त्याच लाकडावर चरतात, आणि माती स्वच्छ ठेवणारे बारीक जीवही तिथेच राहतात. चीड आणि देवदार ही खोक्यांची लाकडे स्वस्त मिळतात, पण त्यांचा वास म्हणजेच हवेत उडणारी तेले. बंद काचपेटीत ती दिवसरात्र प्राण्याच्या नाकाशी राहतात. आयात खोक्यांवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ अक्षरे असली तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते, ‘एमबी’ असली तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने. ‘एमबी’ शिक्क्याची फळी प्राण्याच्या पेटीत घालू नये.

नाशिक-सांगलीच्या वाचकाला इथे द्राक्षाचे खोड आठवेल, आणि खरेच, परदेशात द्राक्षवेलीचे पीळदार लाकूड सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पेटीसाठी मुद्दाम विकले जाते. जुनी बाग काढली की आपल्याकडे ते ढिगाने निघते. दिसायला त्याच्याएवढे सुंदर दुसरे नाही. पण द्राक्षबाग हे राज्यातल्या सर्वाधिक फवारणीच्या पिकांपैकी एक, आणि तिच्या खोडावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट वर्षानुवर्षे चढत गेलेली असते. मोरचुदात तांबे असते. ते पाण्याने धुतले म्हणून पूर्ण निघत नाही. शिवाय ओलसर पेटीत द्राक्षाचे लाकूड लवकर कुजते. मी ते घेणार नाही. फवारणीचा हाच प्रश्न हट्ट्याच्या बांधालाही आहे. कापूस आणि हळदीच्या शेताला लागून असलेल्या फांदीवर औषधाचा तुषार येतोच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधांनी ही औषधे किती जहाल आहेत ते दाखवून दिले. म्हणून पऱ्हाट्या आणि तुराट्या, ज्या थेट पिकाच्याच आहेत, वर्ज्य. फांदी रस्त्याकडेच्या किंवा गायरानातल्या झाडाची, निदान एक पूर्ण पावसाळा खाल्लेली असावी.

फांदी मिळवण्यातही एक मेख आहे. पडलेले, पोखरलेले, शेवाळ चढलेले लाकूड दिसायला सर्वांत नैसर्गिक असते आणि छायाचित्रातही तेच खुलते. पण ते कुणाचे तरी घर असते: सापसुरळीचे, विंचवाचे, गोमीचे, वाळवीचे. ते उचलून आणले की तिथल्या प्राण्याचे घर मोडते आणि पेटीतल्या प्राण्याला पाहुणे येतात. राखीव वनातून तर काहीही उचलायला परवानगी लागते. त्यापेक्षा बाभूळ छाटताना निघालेली जिवंत लाकडाची फांदी घ्यावी आणि ती सावलीत वाळवावी. झाड तोडायचे असेल तर महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम १९६४ आड येतो, ज्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडे आहेत; पण काचपेटीला एखादी छाटलेली फांदीच पुरते, त्यासाठी झाड पाडण्याचे कारण नाही.

फांदी तयार करण्याची रीत बैलगाडी आणि औतांच्या सुतारांना पूर्वीपासून ठाऊक होती, फक्त कारण वेगळे होते. बाभळीचे आणि कळकाचे लाकूड कापल्यावर काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचे, नाहीतर त्याला भुंगेरा लागून पिठासारखा भुसा पडतो. यामागचे शास्त्र सरळ आहे. भुंगेऱ्याची अळी लाकडाच्या बाहेरच्या, फिकट थरातल्या पिठूळ द्रव्यावर जगते. पाण्यात ते द्रव्य झिरपून किंवा आंबून निघून जाते आणि अळीला खायला उरत नाही. याच भिजवण्याने बाभळीतला टॅनिनचा तांबूस रंगही बराचसा निघतो, नाहीतर तो पेटीतल्या पाण्याच्या वाटीत उतरतो. त्यानंतर उष्णता. आंतरराष्ट्रीय व्यापारात खोक्यांच्या लाकडासाठी ठरलेला निकष असा, की लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे राहिला पाहिजे. चार सेंटिमीटरची फांदी मोठ्या पातेल्यात तासभर उकळली की हा निकष सहज ओलांडला जातो. मे महिन्याच्या उन्हात काळ्या प्लॅस्टिकखाली ठेवणे हा बरा उपाय आहे, पण गाभ्यापर्यंत ऊब पोचली की नाही याची खात्री देता येत नाही, म्हणून उकळणे पक्के. ब्लीचमध्ये लाकूड भिजत घालू नये. लाकूड ते शोषते आणि नंतर हळूहळू सोडत राहते. उकळल्यानंतर फांदी पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे ती हातात हलकी लागेपर्यंत, पेटीत जाऊ देऊ नये. बसवताना तिचा जड भाग मातीवर टेकवून उपयोगी नाही, तो थेट काचेच्या तळावर टेकला पाहिजे आणि माती नंतर भोवताली भरली पाहिजे. प्राणी लाकडाखाली उकरतात, आणि मातीवर तोललेला ओंडका खचून पाल चिरडली गेल्याचे अपघात या छंदात नवे नाहीत.

सर्वांत गंभीर आक्षेप स्वच्छतेचा आहे आणि त्यापुढे लाकडाची बाजू अंशतः पडतीच आहे. लाकूड सच्छिद्र असते. विष्ठा त्यात मुरते आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला जिवाणू सर्रास असतात. अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान पाठीच्या कासवांची विक्री बंद केली ती लहान मुलांना होणाऱ्या याच आजारामुळे. प्लॅस्टिकची फांदी साबणाने धुता येते, लाकडाची मनासारखी धुता येत नाही. म्हणून नव्याने आणलेला किंवा आजारी प्राणी वेगळा ठेवायचा असेल, तेव्हा त्याच्या पेटीत लाकूड अजिबात नको: कागद, वाटी आणि लपायला पुठ्ठ्याचा डबा, जो मळला की फेकता येईल. इथे पैदासकारांचा ओकाबोका डबा बरोबर आहे आणि माझी फांदी चूक. मात्र निरोगी प्राण्याच्या कायमच्या पेटीत हा दोष लाकूड फुकटचे असल्याने बराच सौम्य होतो. हजारो रुपयांचे मोपानी किंवा मलेशियन ड्रिफ्टवूड बदलायला माणसाचा हात होत नाही, मग ते वर्षानुवर्षे मळत राहते. बाभळीची फांदी दर वर्षी बदलायला काही लागत नाही. दमट पेटीची गोष्ट वेगळी. जंगलातल्या गेकोंना किंवा झाडबेडकांना लागणाऱ्या ओलाव्यात बाभूळसुद्धा काही महिन्यांत मऊ पडते. तिथे पोर्तुगाल-स्पेनकडच्या ओक जातीच्या झाडाची बुचाची साल खरोखर श्रेष्ठ आहे: हलकी, न कुजणारी, आणि तिथे ती झाड न तोडता दर नऊ वर्षांनी सोलली जाते. आपल्या रस्त्याकडेला पांढऱ्या फुलांचे बुचाचे झाड असते, पण त्याची साल त्या कामाची नाही. दमट पेटीपुरते आयात माल घेणे हेच शहाणपणाचे.

नव्या लाकडावर पहिल्या काही आठवड्यांत कापसासारखी पांढरी बुरशी येते आणि लोक घाबरून सगळी पेटी उपसतात. ही बुरशी लाकडातल्या उरल्यासुरल्या साखरेवर जगते आणि ती संपली की बहुधा आपोआप जाते. पुसून टाकून हवा खेळती ठेवली तरी पुरते. काळपट, चिकट, आंबूस वासाचा थर मात्र वेगळा. साल सुटू लागली, नखाने दाबले की खळगा पडू लागला, किंवा पिठासारखा भुसा खाली दिसला, की लाकूड काढायचे. आणि काढलेले लाकूड बांधावर फेकायचे नाही, परसातल्या सरपणातही मिसळायचे नाही. परदेशी सापांबरोबर त्यांच्या अंगावरच्या गोचिडीसारख्या बारीक किडी आणि त्वचेच्या बुरशी येऊ शकतात. त्या खवल्यांखाली आणि लाकडाच्या चिरांत दडतात. सरपणाच्या फटी धामण, तस्कर आणि सापसुरळी वापरतात, त्यामुळे हे लाकूड तिथे पडले तर ती कीड आपल्या सापांपर्यंत पोचायला एक रात्र पुरेल. ते वेगळे ठेवून त्याच दिवशी उघड्यावर जाळावे, आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.